आज येणार नाहीत, ताप आहे

वहिनींना खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि स्वतःच्या फायद्यासाठी त्या कधी बोलल्याही नाहीत. दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसण्यात त्यांची अर्धी हयात गेली. "डॉक्टर आलेच, पाचच मिनिटं," असं त्या म्हणत तेव्हा डॉक्टर घरी आंघोळ करत असायचे. "अजिबात दुखणार नाही हो," असं म्हणत तेव्हा आतून कुणाचं तरी कण्हणं ऐकू येत असायचं. तरी लोक त्यांच्यावर विश्वास टाकून मुकाट्याने खुर्चीत जाऊन बसत. चेहराच तसा होता, सरळ, जरा दमलेला, कुणाचं वाईट न चिंतणारा. नवऱ्याचे कारखान्यातले सोबती त्यांना वहिनी म्हणत, त्यांचं ऐकून अख्खी इमारत वहिनी म्हणायला लागली, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

पण बाईंचं खरं कसब दवाखान्यात नव्हतं. ते होतं सकाळच्या फोनवर. "आज येणार नाहीत, ताप आहे." एवढं एकच वाक्य, पण काय तयारीने म्हणायच्या. आवाजात थोडी काळजी, थोडी घाई, मागे भांड्यांचा आवाज. कधी पोट बिघडलंय, कधी पाठ धरलीय असंही सांगून पाहिलं होतं, पण त्यांची सगळी भिस्त तापावर. तापाला पुरावा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी उतरला म्हटलं की उतरतो. पलीकडे नवऱ्याच्या कारखान्यातला फोरमन क्षणभर गप्प राहायचा आणि मग म्हणायचा, "बरं वहिनी, काळजी घ्या." दोघांनाही सगळं माहीत असायचं. आतल्या खोलीत नवरा बुटांसकट पालथा पडलेला असायचा.

या नवऱ्याला कारखान्यात ओळंबा म्हणत. तो जोडारी. दोन भाग असे जोडायचा की मधून केस जाणार नाही. मोजायची चांगली यंत्रं हाताशी असतानाही हा पठ्ठ्या शेवटी खिशातून दोरीला बांधलेलं वजन काढायचा, समोर लोंबतं धरायचा आणि एक डोळा मिटून बघत राहायचा. म्हणून ओळंबा. पुढे त्याचं पिणं वाढलं तेव्हा सोबती म्हणायला लागले, ओळंबा झुकायला लागला. आधी सगळे हसले. तोही हसला. मग एका संध्याकाळी त्याने गाडी रस्त्याच्या दुभाजकावर चढवली, पोलिसांनी नळीत फुंकर मारायला लावली, केस झाली, दंड झाला, लायसन गेलं. माणसाने यावर शहाणं व्हावं की नाही? वर्ष उलटायच्या आत हा कुणाचीतरी स्कूटर घेऊन, लायसन नसताना, पिऊनच त्याच चौकात, त्याच पोलिसाच्या हाती सापडला. पोलीससुद्धा कंटाळून म्हणाला म्हणे, "तुम्हीच का परत?"

आता हा कारखाना साधा नव्हता. सैन्याला लागणारी उपकरणं तिथे बनत. कसली उपकरणं हे वहिनींना आजतागायत माहीत नाही. ओळंब्याने सांगितलं नाही, अगदी तर्र झालेला असतानाही कधी त्याच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. पण हे कुणाला पटवणार, आणि कसं? आतल्या हॉलमध्ये जायला वेगळी परवानगी लागे. कागदोपत्री तिचं लांबलचक नाव होतं, कामगार नुसतं 'आतला पास' म्हणत. पहिल्या केसला वरच्यांनी समज दिली. दुसऱ्या केसला पास काढून घेतला. एकदा झालं तर चूक, दोनदा झालं तर खोड, असा त्यांचा हिशेब. ओळंब्याची रवानगी झाली भिंतीबाहेरच्या स्टोअरात, हातमोजे आणि नटबोल्ट वाटायला.

कोर्टाने व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. तिथून तो वाळून, गप्प होऊन परतला. आता तो तांब्यातांब्याने पाणी प्यायचा, आणि आठवड्यातून एकदा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या त्याच्यासारख्याच माणसांमध्ये जाऊन बसायचा. पिणं सुटलं होतं. वहिनींना वाटलं, आता आपणही जरा टेकावं. त्या इतक्या थकल्या होत्या की रविवारी दुपारी झोपल्या तर संध्याकाळ झाल्याचंही त्यांना कळत नसे.

तेवढ्यात कारखान्याने ठरवलं की बाहेरचं स्टोअरही भिंतीच्या आत घ्यायचं. म्हणजे आता नटबोल्ट वाटायलाही आतला पास हवा. ज्याला मिळेल तो परत हॉलमध्ये, ज्याला मिळणार नाही तो घरी. ओळंब्याची फेरतपासणी लागली. घरी बसवलं असतं तर या वयात, दारूच्या दोन केसेस नावावर असताना, त्याला दारात कोण उभं करणार होतं? आणि नुसतं घरी बसून हा माणूस किती दिवस कोरडा राहील, हा प्रश्न वहिनींनी मनातसुद्धा धड विचारला नव्हता.

"उद्या पडताळणीचे साहेब येणारेत," ओळंबा म्हणाला. "तुला एकटीला विचारतील. जे आहे ते सांग."

"सांगते हो. मी काय लपवणार?"

"सगळं सांग."

"सांगते म्हटलं ना."

वहिनी चहा गाळत होत्या, तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. या घरात अवघड गोष्टी अशाच बोलल्या जात, एकमेकांकडे पाठ करून. त्यामुळे अर्ध्या तशाच राहून जात.

साहेब आले ते कापडी पिशवी खांद्याला लावून. निवृत्तीला टेकलेला माणूस, गुडघे दुखत असावेत, खुर्चीच्या कडेला बसले. चहा नको म्हणाले, पाणी मागितलं आणि त्याला हात लावला नाही. त्यांची पद्धत अशी की वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, तोच प्रश्न तीनदा वेगवेगळ्या बाजूने विचारायचा. वहिनी रात्रभर घाबरल्या होत्या, पण बोलायला लागल्यावर त्यांना हलकं वाटायला लागलं. पहिली केस सांगितली. दुसरी सांगितली. त्याने एकदा ताट भिरकावलं होतं, ते लागलं नाही पण भिंतीला पोचा पडला, तो पोचासुद्धा कॅलेंडर बाजूला करून दाखवला. साहेब मान डोलवत लिहीत होते.

"केंद्रातून परत आल्यावर कधी घेतली त्यांनी?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"एक थेंबही नाही, साहेब."

"त्यांच्या आई गेल्या मध्यंतरी. अशा वेळी पाय घसरतो माणसाचा."

"तेव्हाही नाही. तेव्हा तर ते दोन दिवस घरीच होते, ताप होता त्यांना."

साहेबांचं पेन जरा थांबलं. तापाचं त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, रागाने नाही, डॉक्टर जसे एक्सरेकडे बघतात तसं. मग पिशवीची चेन लावली, "बरं, ताई," म्हणाले आणि जिन्याचा कठडा धरत उतरून गेले. वहिनींना वाटलं, झालं एकदाचं, छान झालं.

खरं काय झालं होतं ते सांगायला हवं. सासूबाई गेल्यावर आठवड्याभराने ओळंबा त्यांची खोली रिकामी करायला गेला होता. किल्ली मालकाला देऊन तो दुपारीच परतला, तो भिंत धरधरून. वहिनींनी दार उघडलं, त्याला आत ओढलं, दार लावलं, पडदे ओढले, टीव्हीचा आवाज मोठा केला. सगळं हात आपोआप करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोरमनला फोन, ताप आहे. दुपारी ओळंबा उठला, तोंड धुतलं आणि न सांगता त्याच्या त्या खुर्च्यांवरच्या माणसांकडे निघून गेला. त्यानंतर परत कधी नाही. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कुणी एक शब्द काढला नाही. वहिनींच्या लेखी तो दिवस मातीआड गेला होता.

संध्याकाळी ओळंबा आला, हात धुतले आणि टॉवेलला पुसत विचारलं, "आईच्या खोलीचं काय सांगितलंस?"

"कुठल्या खोलीचं?"

"तो दिवस गं."

"त्याचं कशाला सांगेन? काही झालं नाही म्हटलं. ताप होता म्हटलं."

तो टॉवेल हातात धरून खुर्चीत बसला.

"मी सांगितलंय त्यांना," तो म्हणाला. "गेल्याच आठवड्यात. आणि फोरमनला तर त्याच वेळी सांगितलं होतं, जाऊन, समोर उभं राहून."

"मला नाही सांगितलंत कधी."

"तुला काय सांगायचं? तू होतीस की तिथे."

तो चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या नवऱ्याला कसं सांभाळायचं हे त्यांना येत होतं. हा नुसता टॉवेलची घडी घालत बसला. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. साहेबांनी तिलाही विचारलं होतं म्हणे, आणि तिने ठणकावून सांगितलं होतं, "माझा भाऊ? सोड्याच्या बाटलीलासुद्धा शिवला नाही आजवर." कोर्टाच्या दोन निकालांच्या प्रती साहेबांच्या पिशवीत असताना. "चांगलं सांगितलं ना मी?" नणंदेने विचारलं. ओळंबा हसला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही दोघी प्रेमाने बुडवणार मला," फोन ठेवून तो म्हणाला. "अगं, त्यांना नुसत्या पिण्याचं एवढं नसतं. प्यायलेली माणसं त्यांनी शंभर बघितलीत, सोडलेलीही बघितलीत. मी सांगतो ते आणि घरचे सांगतात ते जुळतं का, हे बघतात ते. आता एकतर मी खोटा किंवा तू खोटी. आणि तू खोटी असलीस तर पुढे कधी मी प्यालो तरी या घरातून बाहेर काही कळणार नाही, असंच ना?"

"मी जाते उद्या. बदलून सांगते."

"सांगतात लोक नंतर बदलून," तो म्हणाला. "त्यालाही ते काहीतरी म्हणत असतीलच." आणि दिवा न लावता तसाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सुट्टी मागताना वहिनींच्या तोंडात 'मला जरा ताप' इथपर्यंत आलं होतं. त्यांनी ते गिळलं. डॉक्टरांना म्हणाल्या, "नवऱ्याच्या चौकशीत मी खोटं बोलले, ते दुरुस्त करायला कचेरीत जायचंय." डॉक्टरांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली, परत वर चढवली आणि मान हलवली. खरं बोललं की लोकांची अशी पंचाईत होते, हे वहिनींना पहिल्यांदाच दिसलं.

पडताळणीची कचेरी म्हणजे एक लांब बोळ, एक बाकडं, एक घुरघुरणारं पाण्याचं यंत्र. साहेबांच्या खोलीत लोखंडी कपाट आणि दोन खुर्च्या. वहिनी बसायच्या आधीच बोलल्या, "मी खोटं सांगितलं. त्या दिवशी ते प्यायले होते."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "का सांगितलंत?"

"तोंडातून आधीच निघतं, साहेब. मी विचार करेपर्यंत बोलून झालेलं असतं."

साहेबांनी समोरचा पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. "ताई, घरातलं काही झाकायचं असलेल्या माणसाला बाहेरचा कुणीही वाकवू शकतो. येऊन म्हणेल, हे मला ठाऊक आहे, गप्प राहायला तू मला आत काय बनतं ते सांग. ज्याने आपणहून सगळं सांगून टाकलंय त्याला कशाने वाकवणार? तुमच्या यजमानांनी सांगून टाकलं होतं. तुम्ही परत झाकलंत."

वहिनी पाणी प्यायल्या. मग साहेब म्हणाले, आता सगळंच सांगा, आणि वहिनी सांगत गेल्या. फोरमनला किती वेळा ताप सांगितला. घरमालकाला जिन्यातल्या उलटीचं काय सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या मांजरावर कसं ढकललं. सासूबाईंना शेवटपर्यंत कावीळ सांगितली, लेकाचे डोळे पिवळे का म्हणून त्या विचारायच्या आणि वहिनी उसाच्या रसाचं पथ्य सांगायच्या, आणि म्हातारी त्या पथ्यावर विश्वास ठेवूनच गेली. हे सांगताना त्यांना रडू आलं नाही, फक्त मोठा शीण आला, घरभर केर काढून झाल्यावर येतो तसा. एकेकाळी त्यांना वाटायचं की आपण घर सावरून धरलंय. आज लक्षात आलं, तो जितक्या वेळा प्यायला तितक्या वेळा त्याला पुढचा पेला परवडला, तो आपल्यामुळे. फोरमनने पहिल्याच तापाला दार ठोठावलं असतं तर.

"एक शेवटचं," साहेब म्हणाले. "पुढे कधी त्यांनी घेतली, तर आम्हाला कळवाल?"

बाहेर पाण्याचं यंत्र घुरघुरत होतं.

"हो म्हणावंसं वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण माझ्या 'हो'वर तुम्ही किती विसंबाल मला माहीत नाही. मीच विसंबत नाही."

साहेबांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं. मग त्यांनी आपला नंबर दिला. पासचं ठरवणारी समिती सोमवारी सकाळी बसणार होती. ओळंब्याने स्वतः हजर राहायचं, आणि साहेब दोनदा म्हणाले की त्या दिवशी न येण्याचं कारण समिती सहसा ऐकून घेत नाही.

सोमवारी सकाळी वहिनींना जाग आली ती पलंग हलत होता म्हणून. ओळंबा कडेला बसून कुडकुडत होता. इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर तयार होता, बूट पॉलिश करून दाराशी ठेवलेले होते. डोळे लालबुंद, दातांवर दात वाजत होते. वहिनींनी कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला, एवढं तापलं होतं. मग त्यांनी पांघरूण नीट करण्याच्या निमित्ताने वाकून त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. जुनी सवय, क्षणाचं काम. तापलेल्या माणसाच्या आंबूस श्वासापलीकडे काही नव्हतं.

"मी जातो," तो म्हणाला, उठला, झोक गेला आणि त्याने भिंत धरली. अगदी त्या दिवशीसारखी.

"असे गेलात तर दारातच निकाल लावतील."

"नाही गेलो तरी लावतील."

दोघांचंही बरोबर होतं, आणि त्यावर तोडगा नव्हता. ओळंबा परत बसला आणि त्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत राहिला. आपण नुकतंच जाऊन त्या माणसाला सांगून आलोय की आपल्या घरातला ताप कसला असतो. आता नेमका आजच, नेमका खरा यावा? देवाला विनोद करायला हीच वेळ सापडली. त्यांनी फोन उचलला.

"साहेब," त्या म्हणाल्या. "आज येणार नाहीत. ताप आहे."

पलीकडे काहीच नाही. फोरमन व्हायचा तसाच शांत. वहिनींना त्या शांततेचा राग आला नाही, त्यांच्या जागी त्याही गप्पच झाल्या असत्या.

"मला कळतंय हे तुम्हाला कसं ऐकू येतंय," त्या पुढे म्हणाल्या. "मला स्वतःलाच तसं ऐकू येतंय. म्हणून तुम्ही या. पोलिसांकडे असतं तसलं फुंकायचं यंत्र घेऊन या. तुम्ही येईपर्यंत मी त्यांना गोळीसुद्धा देत नाही, नाहीतर म्हणाल औषधाचा वास होता."

"समिती थोड्या वेळात बसेल, ताई."

"मग लगेच निघा."

फोन ठेवून त्यांनी दार उघडलं आणि खाली पाचर लावून उघडंच ठेवलं. पडदे बाजूला सारले. टीव्ही बंद होता तो बंदच ठेवला. इतक्या वर्षांत असल्या सकाळी या घराचं दार कधी उघडं राहिलं नव्हतं. जिन्याने कामाला निघालेले शेजारी आत डोकावून जात होते, पलंगावरचा थरथरणारा माणूस बघत होते आणि पावलं जरा हळू करत होते. काय वाटायचं ते वाटू दे, वहिनी मनात म्हणाल्या, आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"गोळी दे ना गं," ओळंबा पांघरुणातून म्हणाला.

"थांबा जरा."

"डोकं फुटतंय."

"कळतंय मला. थांबा."

पाण्याचा पेला आणि गोळी टेबलावर समोर होती. त्याने परत मागितली नाही. आपण किती दुष्ट आहोत असं वहिनींना वाटलं. खोटं बोलताना असं कधी वाटलं नव्हतं, तेव्हा तर त्याला लगेच लिंबूपाणी मिळायचं.

साहेब धापा टाकत आले. उघडं दार बघून उंबऱ्यावर क्षणभर थांबले, मग आत येऊन त्यांनी आधी पालथा हात ओळंब्याच्या कपाळावर ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला, घरचं माणूस ठेवतं तितका वेळ.

"बराच आहे," ते म्हणाले. मग पिशवीतून यंत्र काढलं. "पण मला हे करावं लागेल."

"करा," ओळंबा उठून बसला.

पहिली फुंकर पुरली नाही. यंत्राने पीं केलं आणि परत मारायला सांगितलं. ओळंब्याने पलंगाची कड घट्ट धरली, छाती भरून घेतली आणि फुंकलं, गाल थरथरले, फुंकतच राहिला. छोट्याशा चौकोनात आकडा फिरला आणि थांबला. शून्य.

वहिनींचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण कशाला घाबरलो होतो? आपण तर वास घेऊन बघितला होता. आपण त्या माणसाला ठासून सांगून इथवर बोलावलं आणि तरी आकडा फिरत होता तेव्हा आपल्याला तो कुठे थांबेल हे ठाऊक नव्हतं.

साहेबांनी यंत्र पुसून पिशवीत ठेवलं आणि खिडकीशी जाऊन फोन लावला.

"हो, मीच बोलतोय. आज येणार नाहीत ते. ताप आहे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, मी स्वतः हात लावून बघितला. यंत्रही लावलं, काही नाही. पुढची तारीख द्या. माझी शिफारस? आहे तीच. पास द्यावा. आधीच तयार आहे माझ्याकडे, बदलायचं काही नाही." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "घरच्यांनी आधी लपवलं होतं, ते लिहिलंय मी. आणि आज त्यांनीच बोलावून घेतलं, तेही लिहितो."

पलीकडच्याने पुढे काही विचारलं नाही. वहिनींचंच वाक्य, जसंच्या तसं, दुसऱ्याच्या तोंडून गेलं आणि एका झटक्यात खरं धरलं गेलं. ते ऐकता ऐकता त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. साहेबांनी जाताना त्यांच्याकडे बघून मान हलवली. "गोळी द्या आता," म्हणाले, आणि गुडघे सांभाळत जिना उतरले.

वहिनींनी उठून गोळी दिली, पेला ओठाला लावला. ओळंब्याने सगळं पाणी संपवलं आणि उशीवर डोकं टेकलं. दार अजून उघडंच होतं.

"तू वास घेतलास सकाळी," तो डोळे मिटून म्हणाला.

वहिनींच्या तोंडात उत्तर तयार होतं, पांघरूण नीट करत होते, असं. त्यांनी ते येऊ दिलं नाही.

"घेतला," त्या म्हणाल्या.

"मला वाटलंच." त्याने डोळे उघडले. "मीही बघितला होता. तू उठायच्या आधी. अंग थरथरतंय, डोकं धरलंय, मला काही सुचेना. तोंडासमोर हात धरला आणि फुंकून बघितलं, म्हटलं, रात्री उठून आपण कुठे काही..."

वहिनी पलंगावर त्याच्या पायाशी बसल्या. "मग?"

"काही नव्हतं," तो म्हणाला. "नुसता ताप होता."

वहिनींनी त्याच्या पायांवर हात ठेवला. पाय तापलेले होते. थोड्या वेळाने त्यांनी फोन घेतला आणि दवाखान्यात कळवलं की आज येत नाही, घरी आजारी माणूस आहे. डॉक्टरांनी विचारलं, काय झालंय. वहिनींनी सांगितलं.